मोरजीच्या हलक्या वाऱ्यासाठी १७ मीटरचा काइट घेऊ का?

तुमचं वजन ८४ किलो, हाताशी काइटसर्फिंगचा (पाण्यावर बोर्डवर उभं राहून काइटने ओढून घ्यायचा खेळ) १२ चौरस मीटरचा काइट आणि १३८ × ४१ सेंटीमीटरचा ट्विनटिप, म्हणजे दोन्ही टोकांनी सारखा चालणारा बोर्ड, आणि गोव्यातल्या मोरजीला बहुतेक दुपारी ९-१० नॉटच (ताशी सतरा-अठरा किलोमीटर) वारा. अशा वेळी १७-१८ मीटरचा मोठा, हलका काइट घ्यावा का, आणि घ्यायचा तर हवा भरून फुगवायचा की कप्प्याकप्प्यांचा फॉइल, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, आधी बोर्ड बदला. काइटचं त्यानंतर बघा, आणि तेव्हाही १७ नको, १५ मीटरचा एका स्ट्रटचा घ्या (स्ट्रट म्हणजे काइटला पुढून मागे जाणारी फुगवायची नळी).

मी आणि माझा नवरा गेली सहा वर्षं सीझनमध्ये मोरजी-आश्वेला काइट करतो. मी ५८ किलोची, तो ८६ चा. त्यामुळे एकाच वाऱ्यात, एकाच काइटखाली दोन वजनांचं काय होतं ते घरातच कळतं. तुम्ही जो विचार करताय तोच करून आम्ही १७ मीटरचा, पाच स्ट्रटचा काइट सेकंडहँड घेतला होता. पहिल्या दिवशी तीन वाजता ९ नॉट होता. नवऱ्याने बोर्ड पायात घातला, काइटला डोक्यावरून खाली गोता दिला, बोर्ड उठला, चार हात सरकला. मग काइट वळून परत वर येईपर्यंत बोर्ड पुन्हा पाण्यात बसला. असं दहा-बारा वेळा झालं. मग वारा जरा पडला आणि काइट पानासारखा हळूच खाली आला. पुढची फुगवलेली नळी पूर्ण लांबीभर पाण्याला चिकटली ती उठेचना. लाइन गुंडाळत पोहत किनाऱ्यावर यायला त्याला पाऊण तास लागला. त्यानंतर त्याच काइटवर, त्याच बोर्डवर मी गेले आणि अर्धा तास आरामात फिरले.

यामागचं गणित सोपं आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, काइटचा जोर मात्र क्षेत्रफळाच्या पटीतच. १२ वरून १७ मीटरवर गेलात की कापड १.४ पट होतं, पण वाऱ्याच्या हिशेबात त्याचं वर्गमूळ धरायचं, म्हणजे सुमारे १.२. तुमच्या १२ मीटरला १३ नॉट लागत असतील तर १७ मीटरला ११ लागतील. पाच मीटर जादा कापड घेऊन हाती आले दोन नॉट. त्यातलेही काही काइटच्या वजनात आणि आळशी वळणात जातात, कारण हलक्या वाऱ्यात काइट एका जागी उभा ठेवून ओढ मिळतच नाही. तो सतत वर-खाली फिरवून वारा स्वतः तयार करावा लागतो. जो काइट चटकन वळतो तोच इथे कामाचा.

बोर्डचं उलट आहे. १५८ × ४६ च्या आसपासचा, कमी रॉकरचा, म्हणजे जवळजवळ सपाट बोर्ड घ्या. नवऱ्याने मित्राचा तसा बोर्ड मागून घेतला आणि आपल्या जुन्या १२ मीटरवर ११ नॉटमध्ये वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढत गेला. आम्ही दोघंही बघत राहिलो. शिवाय बोर्डला ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) नसतो, पंप लागत नाही, आणि तो उन्हाने विरत नाही.

हायड्रोफॉइल (बोर्डला पाण्यावर उचलणारा, खाली दांड्याला लावलेला पंख) शिकायची तयारी असेल तर तुमचा १२ मीटरच ९ नॉटमध्ये पुरेल. पण मोरजीचा किनारा उथळ आहे आणि शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत. मास्ट, म्हणजे तो दांडा, वाळूत रुतला की माणूस पुढे फेकला जातो. ओहोटीला जपून.

आता काइटचं. मीटरबरोबर वजनही विचारा. आमचा १७ मीटरचा काइट प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्यावर ५ किलो भरला, म्हणजे मीटरला जवळजवळ ३०० ग्रॅम. नंतर घेतलेला १५ मीटरचा, एका स्ट्रटचा, ३ किलो १०० ग्रॅम, म्हणजे मीटरला २०७. संक्रांतीला वारा पडला की जाड कागदाचा पतंग खाली येतो आणि पातळ कागदाचा तरंगत राहतो, तसंच हे. हलका काइट लाइन ढिली पडली तरी मागे तरंगत जातो आणि पाण्यात पडला तरी लवकर उठतो. वारा वाढला की एका स्ट्रटचं कापड फडफडतं हे खरं, पण तोवर तुमचा १२ मीटरचा काढायची वेळ झालेली असते. अलुलाच्या कापडाचे काइट याहून हलके असतात, पण किंमत फार चढते. पहिल्या मोठ्या काइटसाठी मी तो खर्च करणार नाही.

फॉइल काइट (हा वरचा हायड्रोफॉइल नव्हे, पॅराग्लायडरसारखा कप्प्याकप्प्यांचा काइट) हलक्या वाऱ्याचा राजा आहे, यात शंका नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेलला काइटच्या शर्यती फॉइल काइट आणि हायड्रोफॉइलवर झाल्या, आणि तिथेही वाऱ्याअभावी शर्यती खोळंबल्या होत्या. पाण्यावर घ्यायचा तर बंद कप्प्यांचाच घ्या, उघड्या कप्प्यांचा पाण्यात पडला की पोतं होतो. बंद कप्प्यांचाही लाटांच्या फेसात दोन-तीनदा आपटला तर आत पाणी शिरतं. त्याची कन्नी म्हणजे बारीक दोऱ्यांचं जाळं, ते वाळूत सोडवत बसावं लागतं. आणि ओला गुंडाळून ठेवलात तर आपल्या दमट हवेत बुरशी ठरलेली. सपाट पाण्याचा किनारा आणि धीर दोन्ही असतील तर तो घ्या. मोरजीच्या लाटांत, तुमच्या पहिल्या मोठ्या काइटसाठी मी फुगवायचाच सांगेन.

लाइनचं एक. २४ मीटरच्या लाइनला ३ मीटरचे तुकडे जोडले की काइटला फिरायला जागा मिळते आणि वरचा जरा जास्त वारा लागतो. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. काइट डोक्यावर येऊन मागे घसरायला लागला तर बार (हातातला दांडा) सोडा, ओढू नका. तरीही घसरत असेल तर मागच्या लाइन आखडल्यात का ते मोजा.

मोठा काइट हातात आल्यावर वर्गाचं तेच गणित उलट फिरतं, आणि याबद्दल मला खरंच काळजी वाटते. १० नॉटचा १४ झाला की जोर जवळजवळ दुप्पट. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो आणि चुकलात तर किनाऱ्याकडे आणतो. थंडीतल्या सकाळी वाहतो तो मतलई वारा, तो आत समुद्रात नेतो. ‘मोठा काइट आहे, सकाळचे ८ नॉटही पुरतील’ असं मनात आलं तरी जाऊ नका. रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढत असतील तिथून लांब उतरा. आणि मोरजीतल्या तेंबवाड्याला कासवांची घरटी राखलेली असतात, त्या बाजूला काइट मांडू नका.

सेकंडहँड घेताना कापड दोन्ही हातांनी ताणून त्याला तोंड लावून फुंका. फुंकर आरपार गेली तर ते कापड संपलं. मग काइट पूर्ण फुगवून रात्रभर घरात ठेवू द्या म्हणून मालकाला सांगा. आमचा १७ मीटरचा दुकानात दहा मिनिटं छान टणक होता. घरी आणला त्या रात्री हॉलमध्ये फुगवून ठेवला, तर सकाळी एक टोक सोफ्यावर लोळत होतं. सकाळी नळीवर टिचकी मारल्यावर रात्रीसारखाच आवाज आला, तरच पैसे द्या.