समीक्षे, पाहणी आणि कौल

निपाणीच्या एका वाचकाने विचारलंय: 'कन्नड वाहिन्यांवर एक्झिट पोलला "मतदानोत्तर समीक्षे" म्हणतात. त्यावरून आमच्याकडे मराठीतही "निवडणुकीची समीक्षा आली" असं बोलतात. मराठी वाहिन्या "जनमताचा कौल" म्हणतात. बरोबर काय?'

'समीक्षा' सीमाभागात कानाला खटकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकात मागासवर्ग आयोगाच्या पाहणीसाठी शिक्षक घरोघर फिरू लागले, तेव्हा आमच्या गल्लीतही 'समीक्षेवाले आलेत' असंच सांगत होते. शब्द एकच, नीट पाहणं या अर्थाचा. कन्नडने तो मोजणीला लावला, मराठीने पुस्तकांना. बोलण्यात खुशाल राहू द्या, तो इथल्या मराठीचाच भाग झालाय. पण सातारा-नाशिकचा वाचक 'निवडणुकीची समीक्षा' म्हणजे निकालानंतरची चिकित्सा समजेल. लिहिताना 'पाहणी' बरी. 'समीक्षा'तला संस्कृत धातू ईक्ष् म्हणजे तरी पाहणंच, आणि पीकपाहणी आपल्या शेतकऱ्याच्या तोंडातला शब्द आहे.

'कौल' मात्र मला चाचणीसाठी मुळीच पटत नाही. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गाऱ्हाण्यात शब्द कोणते घालायचे यावर जाणती माणसं आधी बराच वेळ बोलतात (प्रश्नावली करणाऱ्यांनी हे एकदा येऊन पाहावं). पण पाकळी पडली की विषय संपला. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ बोल, वचन. जुन्या कागदांतला कौलनामा म्हणजे सरकारने दिलेला शब्दच. कौल पाळायचा असतो. चाचणीचं तसं नाही, ती थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल बांधलेला अंदाज असते.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत एकाच कडेचं नको. १९३६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांवर उत्तरं आली आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते घेतले होते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवलं ते ज्यांना हौस होती त्यांनी. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्या मानाने मूठभर, पण वेगवेगळ्या थरांतली माणसं निवडून विचारलं आणि रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. मतचाचणीचं शास्त्र म्हणून वजन वाढलं ते तिथून.

म्हणून मतदानाआधीची ती 'मतचाचणी', मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारतात ती 'मतदानोत्तर चाचणी'. 'कौल' निकालालाच शोभतो. चोर्ला घाटापलीकडे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हे गोव्याच्या मतदारांना विचारलं गेलं. कायद्यात त्याचं नाव 'ओपिनियन पोल' असंच होतं, पण मत सगळ्यांनी द्यायचं होतं आणि त्यावरच निर्णय झाला. त्याला 'जनमत कौल' म्हणतात ते अगदी योग्य, 'सार्वमत'ही चालेल.