आवाजाने हवा वाहते आणि थंडावाही मिळतो, हे कसं शक्य आहे?

तुमची शंका रास्त आहे. ध्वनिलहरीत हवा जागच्या जागी पुढेमागे होते, मग हिशोब शून्यच यायला हवा. तो बिघडतो नळीच्या भिंतीपाशी.

भिंतीला टेकलेली हवा हलत नाही, मधली मात्र डोलत असते. दोहोंमधला थर अगदी पातळ, १०० हर्ट्‌झच्या आवाजाला साधारण पाव मिलिमीटर. हवेच्या विष्यंदितेमुळे (चिकटपणामुळे) या थरातली हालचाल मधल्या हवेच्या तालात राहत नाही, त्यामुळे जाणं आणि येणं पूर्ण फिटत नाही. दर आवर्तनाला थोडं काही उरतं आणि नळीत भोवरे तयार होतात. भिंतीच्या थराबाहेर हवा निस्पंद बिंदूंकडे (जिथे डोलणं शून्य असतं तिकडे) सरकते, मधून परत येते. कंपणाऱ्या पत्र्यावरच्या बारीक भुकटीत असे प्रवाह फॅरेडेने १८३१ मध्येच पाहिले होते. गणित मांडलं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेलेने, १८८४ मध्ये. हवा सेकंदाला १० मीटर वेगाने डोलली (हा भयंकर मोठा आवाज झाला), तरी प्रवाह सेकंदाला काही सेंटिमीटरच. पण डोलण्याचा वेग दुप्पट केला की प्रवाह चौपट होतो.

आता उष्णता. हवा दाबली की तापते, सैल सुटली की गार होते. १२० डेसिबललाही हा फरक अंशाच्या दोन-तीन शतांशांइतकाच. म्हणून नळीत अप्रगामी तरंग (पुढे न सरकता जागीच राहणारी लहर) उभा करून पातळ पट्ट्यांची चळत ठेवतात. हवेचा कण एका टोकाकडे जाऊन दाबला जातो आणि पट्टीला उष्णता देतो. परतताना प्रसरण पावून गार होतो आणि तिथल्या पट्टीतून उष्णता उचलतो. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात तशी ती कणाकणाने एका टोकाला पोचते. इथेही उष्णतेच्या देवाणघेवाणीला थोडा उशीर व्हावा लागतोच: पट्ट्या फार जवळ असल्या तर हवेचं तापमान कायम पट्टीइतकंच राहतं आणि काम होत नाही. असं एक शीतयंत्र जानेवारी १९९२ मध्ये डिस्कव्हरी यानातून अवकाशात जाऊन आलं. घरच्या स्पीकरने खोली गार करायचा विचार मात्र सोडा!

मला यातला सगळ्यात रंजक भाग वाटतो तो प्रवाह आणि थंडावा या दोघांच्या भांडणाचा. वरचा प्रवाह अशा यंत्रांत नको तिथे उष्णता वाहून नेतो. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९९ साली बनलेल्या, उष्णतेपासून आवाज निर्माण करणाऱ्या वेटोळ्या नळीच्या इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के होती, पण त्यासाठी नळीत एका बाजूने निमुळती वाट ठेवून वेटोळ्यात गोल फिरणारा असाच एक प्रवाह मुद्दाम अडवावा लागला.