इंजिन उघडण्याआधी भाडं पक्कं करा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ४७, गाव हातकणंगले तालुक्यात. मार्च २०११ ची टाटा २५१५, दहा टायर, कमिन्स इंजिन. गाडी स्वतः चालवतात. निम्म्या फेऱ्या पुणे-चाकणला कास्टिंगच्या, निम्म्या बंगळूरच्या. इंजिन ऑइल पितंय, ॲव्हरेज साडेतीनवरून तीनवर आलंय. मिस्त्रीचा अंदाज ५ लाख ८० हजारांचा आहे: इंजिन २ लाख १० हजार, गिअरबॉक्स-क्राउन ७० हजार, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), किंगपिन (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती खीळ) आणि ब्रेक मिळून ६० हजार, बॉडी उंच करून जादा पाटा घालायला १ लाख ९० हजार, केबिन आणि रंग ५० हजार. दलाल आहे त्या स्थितीत ३ लाख १० हजार देतो म्हणतो. शोरूममध्ये नवी गाडी बॉडीसकट ३४ लाखांना, त्यात ४ लाख रोख. पतसंस्थेत ६ लाखांची ठेव, पत्नीचं नऊ तोळे सोनं. मुलगी इंजिनिअरिंगला, दोन वर्षांची फी अजून जायची आहे, वर्षाला १ लाख २० हजार. मुलगा दहावीला. सोनं तारण ठेवून गाडी करू, की ठेव मोडून नवी घेऊ?

उत्तर:

मिस्त्रीचा अंदाज तुम्ही अगदी नीट लिहून पाठवलात, पण पत्रात परमिटचा शब्द नाही. मी तिथूनच सुरू करतो, कारण तुमचा सगळा हिशेब तिथे फिरतो.

नॅशनल परमिट मल्टी-ॲक्सल, म्हणजे तुमच्यासारख्या दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला पंधरा वर्षांपर्यंतच मिळतं. दोन ॲक्सलच्या गाडीला तर बाराच वर्षं. तुमची गाडी मार्च २०२६ ला पंधरा वर्षांची झाली. म्हणजे इंजिन नव्यासारखं करा, रंग मारा, काहीही करा, नॅशनल परमिटवर कोगनोळीच्या, म्हणजे कर्नाटक सीमेच्या पुढे जायचे दिवस संपले. बंगळूरच्या फेऱ्या म्हणजे तुमचं निम्मं उत्पन्न. त्याऐवजी गुजरातला गूळ नेऊ म्हणाल, तर तेही त्याच कारणाने बंद. राज्यातल्या राज्यात, फिटनेसचं प्रमाणपत्र मिळत राहिलं तर, गाडी चालवता येते. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, आणि पंधरा वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढते. एप्रिल २०२२ पासून अवजड गाडीला ती साडेबारा हजार झाली होती आणि त्यानंतरही दर वयाप्रमाणे बदलले आहेत. चालू आकडा आरटीओतून लिहून घ्या आणि मगच बाकीचा कागद मांडा.

आता गाडी नेमकं किती कमावते ते बघू. तुमच्याच आकड्यांनी चालतो. महिन्याला ४,००० किलोमीटर, भाडं २ लाख २० हजार. तीनच्या ॲव्हरेजने १,३३३ लिटर डिझेल लागतं, ९१ रुपयांनी धरलं तर १ लाख २१ हजार. टोल आणि वाटखर्च वजा जाऊन हातात ५० हजार. पावसाळ्याचे तीन महिने २० हजार. वर्षाचे झाले ५ लाख १० हजार. हा आकडा तुम्ही घरखर्चाला धरता, पण त्यातून विमा, टायर आणि सरकारी देणी अजून वजा व्हायची आहेत. २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ४३,९५० रुपये ठरला, त्यावर जीएसटी. विम्याचे ५० हजार, टायरचे वर्षाला १ लाख, टॅक्स-फिटनेस-पर्यावरण कर मिळून ४० हजार धरले, तर उरले ३ लाख २० हजार.

आणि स्टेअरिंगवर तुम्ही स्वतः बसता. दुसऱ्याच्या गाडीवर बसलात तर २० हजार महिना सहज मिळेल, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. ती तुमची मजुरी. गाडीची स्वतःची कमाई फक्त ८० हजार. हा आकडा वाचून वाईट वाटेल, मला लिहितानाही वाटलं. माझ्या वडिलांनी अठरा वर्षं ट्रक चालवला आणि शेवटपर्यंत आपली मजुरी आणि गाडीचा नफा एकाच खिशात ठेवला. गाडी आपल्याला पोसते असं आम्ही घरी सगळे म्हणायचो. खरं तर ते गाडीला पोसत होते.

वर्षाला ८० हजार कमावणाऱ्या गाडीत ५ लाख ८० हजार घालायचे नाहीत, हे उघड आहे. पण अंदाजातली प्रत्येक ओळ सारखी नाही. इंजिनाची ओळ वेगळी आहे. ॲव्हरेज तीनवरून पुन्हा साडेतीनवर आलं तर महिन्याला १९० लिटर वाचतात, साधारण १७ हजार ३०० रुपये. पावसाळा सोडून नऊ महिन्यांत दीड लाखाच्या वर. म्हणजे इंजिनाचे २ लाख १० हजार दीडएक वर्षात डिझेलमधूनच परत येतात. ब्रेक आणि किंगपिन हा जिवाचा प्रश्न आहे, घाटात गाडी घालणाऱ्याने त्यावर घासाघीस करू नये. हे दोन्ही मिळून २ लाख ७० हजार.

गिअरबॉक्स आवाज करत नसेल, गिअर सुटत नसेल, तर उघडू नका. रंग नको. आणि बॉडी उंच करून जादा पाटा घालायचा विचार पूर्ण सोडा. २५१५ मधले २५ म्हणजे गाडीचं भरल्यावरचं एकूण वजन, २५ टन. पाटा वाढवला म्हणून आरसीवरचा आकडा वाढत नाही. जादा वजनाला कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. आरसीला न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि मालकाला त्याचा वेगळा दंड आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघते. १ लाख ९० हजार देऊन तुम्ही स्वतःच्या क्लेमवर प्रश्नचिन्ह विकत घ्याल.

तरीसुद्धा, इंजिन लगेच उघडू नका. आधी पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून घ्या, टर्बोचे पाइप आणि एअर क्लीनर बघा, चाकं ब्रेकला घासतात का ते बघा. या कामाला तुलनेने थोडे पैसे लागतात, आणि ॲव्हरेजचा काही भाग इथेच परत मिळू शकतो. ऑइल पिणं आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा सोडणाऱ्या नळीतून) जोरात धूर येणं तेवढ्याने थांबणार नाही, ते पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजल्याचं लक्षण आहे.

उघडायची वेळ आलीच तर एक गोष्ट मिस्त्रीला पहिल्या दिवशी विचारा: बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, आधी किती वाढवलंय? कमिन्सच्या या ५.९ लिटर इंजिनाला काढून बदलायचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) नसतात. ब्लॉकच बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालतात, अर्धा मिलीमीटर, मग एक. आधीच्या दुरुस्तीत शेवटच्या साइझपर्यंत नेलं असेल तर स्लीव्ह बसवाव्या लागतात आणि खर्च बदलतो. क्रँकचंही (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचंही) तसंच, पाव-पाव मिलीमीटरने तो किती वेळा घासलाय ते मोजल्याशिवाय कळत नाही. वडिलांच्या गाडीला एका गॅरेजने असाच ठोक अंदाज दिला होता. हेड उतरवल्यावर रक्कम जवळजवळ दुप्पट झाली, आणि तोवर इंजिन जमिनीवर सुटं पडलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच उरली नाही. म्हणून अंदाज दोन टप्प्यांत घ्या. उघडून, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक आणि क्रँक मोजून घेण्याचे वेगळे पैसे ठरवा. मापं कागदावर आल्यानंतर दुसऱ्या टप्प्याला होकार. त्याच दिवशी गाडी धुऊन चासी पूर्ण बघा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ. तिथे तडा असेल तर इंजिनाला एक रुपयाही लावू नका.

आता खरा निर्णय. दोन वर्षं गाडी ठेवायची म्हटलं तर खर्च २ लाख ७० हजार, आणि दोन वर्षांनी ती भंगारात साधारण २ लाखांना जाईल असं धरलं तर किमतीतली घट १ लाख १० हजार. एकूण ३ लाख ८० हजार. समोर गाडीची दोन वर्षांची कमाई १ लाख ६० हजार आणि डिझेलची बचत ३ लाख १० हजार. म्हणजे ९० हजार वर राहतात. पण हे महिन्याला ४,००० किलोमीटर कायम राहिले तर. मी किलोमीटर कमी करत हिशेब केला, नफा-तोट्याची रेघ ३,७०० च्या आसपास येते. बंगळूर बंद झाल्यावर तुमच्याकडे पक्के २,००० आहेत.

म्हणून आधी काम. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींकडे पुणे-चाकणच्या जादा फेऱ्या मागा, साखर कारखान्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोला, आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणारा माल बघा. पंधरा वर्षांची गाडी आम्ही लावत नाही असं काही मोठ्या कंपन्यांचे लोक सांगतील, तेही आत्ताच कळलेलं बरं. महिनाभरात राज्यातल्या ३,७०० किलोमीटरचं भाडं दोन-तीन ठिकाणी मिळून पक्कं झालं, तर इंजिन आणि ब्रेक करा. नाही झालं, तर दलालाचे ३ लाख १० हजार घ्या. पंधरा वर्षं सोबत केलेली गाडी, दसऱ्याला हार घातलेली, ती देताना हात जड होतो. पण पुढच्या वर्षी तेवढेही येणार नाहीत.

नवी गाडी आज नको. सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, किंमत खाली आली, हे खरं. तरी ३० लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ६५ हजार. पावसाळ्यात तुमच्या हातात २० हजार असतात. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं की आठवडाभर गाडी उभी, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा तुम्ही बघितलंय. हप्ता थांबत नाही.

गाडी विकलीत तर त्यापेक्षा २०१९ च्या आसपासची गाडी बघा. परमिटची बरीच वर्षं शिल्लक, आणि बीएस-४ (आधीच्या प्रदूषण-निकषाची) असल्याने एक्झॉस्टमधला फिल्टर तुंबून गाडी अडायची भीती नाही. कर्ज घेताना ‘आठ टक्के फ्लॅट’, म्हणजे मूळ रकमेवरच शेवटपर्यंत व्याज, असं ऐकलं की थांबा. १० लाख, चार वर्षं, हप्ता २७,५००. शिल्लक रकमेवर मोजलं तर हे व्याज साडेचौदा टक्क्यांच्या जवळ जातं. बँकेचा दर त्याच्याशीच ताडून बघा.

पैसे कुठून? सोन्याला हात लावू नका, ते घरातल्या आजारपणासाठी राहू दे. दुरुस्ती ठरलीच तर ठेवीतले २ लाख ७० हजार वापरा. फीचे २ लाख ४० हजार पतसंस्थेतून काढून बँकेत ठेवा, सहकारी बँक चालेल. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. उरलेले ९० हजार तसेच राहू देत.

करापुरतं सांगतो: तुम्ही गाडीच्या वजनावर ठोक उत्पन्न धरण्याच्या पद्धतीने (जुन्या आयकर कायद्याचं कलम ४४एई) विवरण भरत असाल तर १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख उत्पन्न धरलं जातं. दुरुस्तीची बिलं त्यातून वेगळी वजा होत नाहीत, गाडी गॅरेजला उभी असलेला महिनाही मोजला जातो. तेव्हा ‘खर्च दाखवता येईल’ म्हणून कोणी बिल वाढवायला सांगितलं तर ऐकू नका.

आणि मुलीच्या फीचं एकदा कॉलेजच्या कार्यालयात विचाराच. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमच्या १ लाख २० हजारांत हॉस्टेल किती आणि शिक्षण शुल्क किती, पावती काढून बघा. ती आत्तापर्यंत पूर्ण भरत आला असाल तर उत्पन्नाचा दाखला या आठवड्यातच काढा.