ड्रॅगन बॉल कोणत्या क्रमाने पाहावे?

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी ॲनिमेशन मालिकांची सुरुवात आपण थेट ‘ड्रॅगन बॉल झेड’ या दुसऱ्या मालिकेपासून करण्याचे योजिले आहे, परंतु १९८६ साली सुरू झालेले मूळ ‘ड्रॅगन बॉल’ आधी पाहावे. त्याचे १५३ भाग वगळण्याची चूक मीही केली होती; त्यामुळे ‘झेड’मध्ये नायक गोकू आणि त्याचा एकेकाळचा शत्रू पिकोलो खांद्याला खांदा लावून लढतात, त्यामागचे जुने वैर मला उमगलेच नाही आणि त्या प्रसंगाची निम्मी गोडी हातची गेली.

त्यानंतर ‘झेड’ पाहावे. त्याचे २९१ भाग फार वाटल्यास २००९ पासूनची ‘काई’ ही आटोपशीर आवृत्ती घ्यावी. स्वारगेट ते हिंजवडी प्रवासात तिचे दोन भाग सहज होतात. दोन्ही पाहण्याचे मात्र कारण नाही, कारण कथा एकच आहे. पुढे २०१५ची ‘सुपर’ मालिका.

नवखे प्रेक्षक हमखास अडखळतात ते चित्रपटांपाशी. ‘झेड’च्या काळातील बहुतेक चित्रपट मुख्य कथेच्या कालक्रमात बसत नाहीत, म्हणून ते मध्येच घुसडू नयेत. १९९६ची ‘जीटी’ मालिका मूळ चित्रकथेवर (मांगावर) आधारित नाही; ती शेवटी, इच्छा उरल्यास पाहावी. (माझी उरली नव्हती.) आरंभीचे भाग बालिश वाटले, तरी पहिल्या युद्धकला स्पर्धेपर्यंत धीर धरावा.