बिल्टीच्या तारखेपासून दिवस मोजा

खारघरच्या एका वाचकांनी बडोद्याच्या स्टुडिओकडून सात बाय चार फुटांचं काचेचं म्युरल मागवलं, किंमत 3 लाख 40 हजार. 14 मार्चची बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची ट्रान्सपोर्टची पावती. 19 मार्चला पेटी घरी आली आणि ‘माल सुस्थितीत मिळाला’ यावर सही झाली. रंगकाम चालू म्हणून पेटी न उघडता बेडरूममध्ये ठेवली. 21 ऑगस्टला म्युरल बसवायला कारागीर आले, तेव्हा मधल्या पॅनेलला आडवा तडा दिसला. स्टुडिओ ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवतो, ट्रान्सपोर्टवाले तुमच्या सहीकडे. 27 ऑगस्टच्या पत्रात तुम्ही विचारता, गणपती झाले की ग्राहक मंचात जाऊ का?

नाही, तोवर थांबू नका. झुंबर, आरसे, संगमरवरी मूर्ती, अशा प्रकरणांची पत्रं मला सारखी येतात आणि बहुतेकांत हाच उशीर झालेला असतो.

रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 16 वाचा. मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला 180 दिवसांत मिळालेली नसेल, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. हे दिवस पेटी घरी आल्यापासून किंवा तडा दिसल्यापासून धरायचे नाहीत, माल बुक झाला त्या तारखेपासून धरायचे. तुमचा 180 वा दिवस 10 सप्टेंबर. ‘दावा किंवा अन्य कायदेशीर कार्यवाही’ असे कलमाचे शब्द आहेत, त्यामुळे ग्राहक आयोगात (तुम्ही म्हणता तो ग्राहक मंच) नोटिशीवाचून चालेल या भरवशावर राहू नका.

ड्रायव्हरला पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज मी नोटीस धरणार नाही, तुम्हीही धरू नका. बिल्टी नंबर, तारीख, नुकसान आणि मागणीची रक्कम असं एक पान लिहा. मुख्य कार्यालयाला आजच स्पीड पोस्ट करा आणि कळंबोलीच्या शाखेत स्वतः जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नोटीस मुदतीत पोचली पाहिजे, नुसती पोस्टात पडून उपयोग नाही.

पेटी आली त्या दिवशीचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यावर धक्का दाखवणारं स्टिकर आहे आणि त्याची नळी लाल झालेली दिसते. तुमच्या सहीला उत्तर देणारा एवढाच पुरावा हाती आहे. मूळ फोटो फोनमधून काढू नका, पेटी भंगारात देऊ नका. त्या दिवशी सही करण्याआधी ‘स्टिकर लाल, पेटी न उघडता घेतली’ एवढं लिहिलं असतं, तर आज ही ओढाताण झाली नसती.

भरपाई पूर्ण मिळेल असं मी म्हणत नाही. बिल्टीवर किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या 10 पटींवर थांबू शकते. स्टुडिओविरुद्ध दोन वर्षांची मुदत आहे. पण पाच महिने पेटी न उघडता ठेवली म्हणजे माल स्वीकारला, असं ते म्हणणारच, आणि आयोग ते कितपत मानेल हे स्टुडिओशी ठरलेल्या अटींवर अवलंबून राहील. ती ऑर्डर पावती मला पाठवा.

तुम्ही खारघरला राहता, तेव्हा तक्रारीसाठी बडोद्याला जायचं कारण नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. ग्राहक कायदा तीन महिन्यांत निकाल सांगतो, पण प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तक्रार पुढच्या महिन्यात केलीत तरी चालेल. नोटीस मात्र आज.