शाळेत अरबी ऑनलाइन शिकवायला गूगल क्लासरूम बरं की टीम्स?

तुम्ही लिहिलंय की पाचवीची मुलं आहेत, अरबी लिपी कुणालाच येत नाही आणि आठवड्याचे दोन तास ऑनलाइन घ्यायचेत. मी शारजातल्या एका भारतीय शाळेत अरबी शिकवते, यूएईतल्या खाजगी शाळांत पहिलीपासून अरबी सक्तीचीच असते, त्यामुळे वर्गात मल्याळी, मराठी, गुजराती सगळी मुलं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून मी दोन्ही वापरलंय. मुलांचे शाळेचे ईमेल ज्याच्यावर असतील ते घ्या, फार विचार करू नका. बघायचं एवढंच की मुलाचा हात आणि मुलाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय का.

आधी हाताचं सांगते. अक्षरं २८, बहुतेकांचं रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी बदलतं आणि अलिफ, दाल, धाल, रा, झाय, वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत. मुलं वहीचा फोटो अपलोड करायची, शब्द छान दिसायचा, मीही मार्क देत गेले, आणि महिनाभराने कॅमेऱ्यावर लिहायला लावलं तर बरीच मुलं डावीकडून चित्र काढल्यासारखी लिहीत होती! फोटोत हे कळणार कसं? तेव्हापासून एक शब्द लिहितानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओच मागते. मी स्वतः लिहिते तेव्हा पुस्तकांच्या थप्पीवर फोन आडवा ठेवते, कॅमेरा खाली वहीकडे, म्हणजे हात कुठून कुठे जातोय ते मुलांना सरळ दिसतं.

आवाजाचं जास्त नाजूक आहे. हृदयाला कल्ब, कुत्र्यालाही कल्ब, आपल्या कानाला दोन्ही सारखेच, पण हृदयातला क पार पडजिभेपाशी निघतो. तीस मुलं एकदम म्हणाली की कोण काय म्हणतंय काही कळत नाही, म्हणून लाइव्ह तासात मी कोरस घेतच नाही, प्रत्येकाकडून अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग घेते, तीस मुलांचं पंधरा मिनिटांत ऐकून होतं आणि उत्तरही आवाजातच पाठवते. झूमवर घेत असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर घशातला तो श्वासाचा ह आवाज साफ करताना दबतो असा माझा अनुभव आहे.

क्विझ करताना एक जपा, एकाच ओळीत अरबी आणि इंग्रजी मिसळलं की कंस, आकडे, रिकामी जागा भलत्याच टोकाला जातात आणि मूल बरोबर असून चुकतं. अरबी वेगळ्या ओळीत टाका किंवा सरळ इमेज लावा. टायपिंग पहिल्या वर्षी नकोच.

आणि सुरुवात किताब, कलम, तारीख, हिसाब अशा शब्दांनी करा. मराठी मुलांना अर्थ लगेच लागतो, मग सगळं लक्ष अक्षरांवर राहतं.