१८९६ चा प्लेग मुंबईत मांडवीतूनच का सुरू झाला?
कारण मांडवीत बंदर, धान्याची गोदामं आणि माणसांनी गच्च भरलेल्या चाळी एकमेकांना खेटून होत्या. जहाजातून आलेल्या उंदरांना पोत्यांच्या थप्प्यांमागे खाणं आणि आसरा दोन्ही मिळे. उंदीर प्लेगने मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होऊन वरच्या खोलीत झोपलेल्या माणसाला चावत. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये निदान केलं तेही मांडवीतच. पण पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला; तोवर पालिका गटारं धुण्यावर मोठा भर देत होती, आणि त्यात किती जीव गेले! मात्र मांडवी ही फक्त सुरुवात. पुढचा फैलाव घाबरून गाव गाठणाऱ्या माणसांबरोबर आणि त्यांच्या बोचक्यांतून झाला.